भाताला कान असतात

आमच्या शाळेत परिसर हा विषय पहिलीपासून दहावीपर्यंत एकाच बाईंनी शिकवावा, असा कुठे नियम नव्हता. माझ्या पत्नीने तो स्वतःपुरता केला होता. एक तुकडी पहिलीत धरायची आणि दहावीपर्यंत तिच्याबरोबर वर चढत जायचं. मी त्याच शाळेत मराठी शिकवतो. लोणावळ्याच्या आमच्या घरातून सकाळच्या एसटीने आम्ही कामशेतच्या पुढे, पवनेच्या बाजूला असलेल्या त्या गावात जायचो. खिडकीबाहेर धुकं असलं की ती बोलायची नाही. धुक्यात झाडं एकेक करून पुढे येतात आणि परत मागे जातात, ते बघत बसायची. आता त्या खिडकीशी मी बसतो.

तिची शेवटची तुकडी तिसरीत होती तेव्हाची गोष्ट. पुस्तकात होतं, पालापाचोळा जाळू नये, धुराने हवा बिघडते. तिने ते शिकवलं, मुलांनी फळ्यावरून उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी एका मुलीचे आजोबा तिला हाताला धरून थेट वर्गात आले. त्यांनी थंडीभर गोळा केलेला राब नातीने दोन हंडे पाणी ओतून भिजवून टाकला होता. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पाला, गवत आणि वर माती असे थर देतात आणि पावसाच्या आधी ते भाजतात, म्हणजे मातीतलं गवताचं बी जळून जातं. तो राब.

"बाई, पोरीला काय शिकवलंत ह्ये?"

"आबा, पाला जाळू नये, एवढंच..."

"मग भाताचं रोप काय पुस्तकात टाकायचं व्हय?"

वर्ग खदखदून हसला. पत्नीही हसली. मुलगी मात्र रडत होती. तिला कळत नव्हतं, आपण चांगलं केलं की वाईट.

संध्याकाळी एसटीत पत्नी म्हणाली, "मी तिला अर्धंच खरं शिकवलं."

मी म्हणालो, "पुस्तकात चूक काय आहे?"

"चूक नाही हो. पण ते पुस्तक कुठल्या गावचं आहे?"

त्या रविवारी ती आबांच्या शेतावर गेली आणि थर कसे देतात ते शिकून आली. पुढची वर्षं ती चुकत आणि विचारत शिकवत गेली. पाचवीत मुलांना घेऊन ओढ्याच्या उगमापर्यंत चढली. सातवीत शनिवार-रविवारच्या पाहुण्यांनी धबधब्याखाली टाकलेल्या बाटल्या आणि चिक्कीची वेष्टनं वेचली. मुलं म्हणाली, पुढच्या आठवड्यात परत येतील. ती म्हणाली, मग आपणही येऊ. नववीच्या सहामाहीचे पेपर तपासता तपासता ती आजारी पडली आणि संक्रांतीच्या आत गेली.

एप्रिलमध्ये दहावीचे उन्हाळी वर्ग सुरू झाले तेव्हा मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "सर, तो परिसराचा तास गणिताला देऊ या का? घेणारं कुणी नाही." त्यांचं काही चुकत नव्हतं. मी "मी घेतो" म्हणालो आणि मग घाबरलो. नऊ वर्षं तिने मुलांना जिथवर आणलं होतं, तिथून पुढचं एक पाऊल मला ठाऊक नव्हतं. मी तो तास वाया घालवला असता, तर तिचं शेवटचं काम माझ्या हातून मोडलं असतं.

म्हणून मी आबांकडे गेलो. ते आता बरेच वाकले आहेत. मी विचारलं, राब न भाजता रोप येतं का?

"बाईंनी बी ह्येच इचारलं व्हतं. मी म्हनलो, करून बगा. त्या म्हनल्या, पोरं दहावीत आली की. त्या असत्या तर पैज लावली असती, सर. तुमच्यासंगं कशाला लावू? तुमाला हरवून काय मजा न्हाई."

त्यांनी बांधाकडची एक पट्टी दिली. मुलांनी तिचे दोन भाग केले. एकावर राब रचून वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवला. दुसऱ्यात नुसतं कुजलेलं शेणखत घातलं. जूनमध्ये दोन्हीकडे सारखं बी टाकलं.

जुलैच्या सुरुवातीला आम्ही बघायला गेलो. डोंगर ढगात होते, शेत आणि आभाळ यांच्यात रेघ उरली नव्हती, मुलांचे आवाज कुठल्यातरी दुसऱ्या वर्षातून आल्यासारखे वाटत होते. भाजलेल्या भागात रोपं स्वच्छ, काळपट हिरवी उभी होती. न भाजलेल्या भागात गवत माजलं होतं, पण माती उकरली की गांडुळं निघत होती. मुलांचे लगेच दोन तट पडले.

"राबच पायजे!"

"अन् गांडुळं भाजली त्याचं काय?"

"मग तू बस गवत काढत सारा पावसाळा."

भांडण चालू असताना आपणही काही करावं म्हणून मी वाकून गवत उपटू लागलो. मूठ भरली तेव्हा त्या तिसरीतल्या मुलीने, आता माझ्या खांद्याएवढ्या झालेल्या, माझा हात धरला.

"सर, थांबा! भात उपटताय तुमी!"

सगळे हसले. बांधावर बसलेले आबा सगळ्यात जास्त. मला दोन्ही पाती सारख्याच दिसत होत्या. मुलीने एक रोप माझ्या तळहातावर ठेवलं. पात देठाला जिथे जुळते तिथे नखाने दाखवलं. दोन बारीक, केसाळ कोंब.

"ह्ये कान. भाताला असत्यात, गवताला नसत्यात. बाईंनी आठवीत भिंगातून दाखवलेले."

मी बराच वेळ ते कान बघत राहिलो. मग गुडघे चिखलात टेकून एकेक पात चाचपू लागलो. मुलं माझ्या दोन्ही बाजूंना बसली. भांडण तसंच चालू राहिलं आणि मधूनमधून कुणीतरी सांगत होतं, "ह्ये न्हाई, सर. ह्ये. आता बरोबर."