तपासणीआधीचा चहा

ओतीव लोखंडाची कास्टिंग घासायच्या आमच्या शेडमध्ये चहा नेहमी उशिरा येतो. आज थंडीत आम्ही आल्या आल्या तो हजर, वर आलं घातलेला. मला त्या चहाचाच संशय आला. कंपनीला आमचा असा पुळका उगाच येत नाही.

ग्राइंडरच्या थरथरीने हातांचं काय होतं, ते तपासायला आज डॉक्टर येणार होते. माझ्या शेजारी घासणाऱ्या सदामामांची बोटं गारठ्यात खडूसारखी पांढरी पडतात, शर्टाचं बटणही लागत नाही. ऊब मिळाली की रंग परततो. सुपरवायझर हे जाणून आहे.

"घ्या मामा, दोन्ही हातांनी धरा," तो गोड बोलला.

आजार कधी आणि किती उबेत तपासायचा हे मालकच ठरवणार असेल, तर डॉक्टर प्रामाणिक असून काय उपयोग?

मी म्हटलं, "मामा, खाली ठेवा ग्लास. बोटं आहेत तशी दिसू देत."

"दिसली की मला घरी बसवतील. मग तुझी युनियनची पत्रकं खाऊ का?"

डॉक्टर शेडच्या दारात आले, तरी मामांनी एक घोटही घेतला नव्हता. बोटं ग्लासाभोवती आवळून ते नखांत रंग चढायची वाट बघत होते.