देवापुढची फ्रेंच बाटली

परवा दुकानात मस्काट द्राक्षांच्या गोड वाईनचा घोट चाखायला दिला आणि त्या मनुका-मधाच्या वासासरशी मी थेट जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या आमच्या जुन्या घरात पोचलो.

माझी पीएचडी चालू होती. सासू-सासरे पहिल्यांदाच आले होते. लग्न ठरवताना सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "घेता का?" तेव्हा मी खरंच घेत नव्हतो.

त्या दिवशी माझे प्रोफेसर जेवायला आले, ते याच फ्रेंच वाईनची बाटली घेऊन. "यात स्पिरिट घालून द्राक्षाची गोडी राखतात. बदामाच्या गोडाबरोबर झकास!" ते जर्मनमध्ये कौतुकानं सांगत होते.

"काय म्हणताहेत?" सासूबाईंनी विचारलं.

"द्राक्षाचं आहे," मी म्हणालो. तेवढं तरी खरं होतं.

"मग आधी देवापुढे ठेवते." आणि बाटलीला हळद-कुंकू लागलंसुद्धा!

सासऱ्यांनी चष्मा लावून ती उचलली. पुरणपोळीवर तूप वाढणारी बायको थबकली. आज वाटतं, ते लेबल इतकं सावकाश वाचत होते ते मुद्दामच. अखेर माझ्याकडे झुकून त्यांनी हळूच विचारलं, "जावईबापू, ही पोळीबरोबर घ्यायची की नंतर?"