हाताला झटका शिकवला

आमच्या गडचांदूरकडच्या सिमेंट कारखान्यात रोबो आला तेव्हा त्याला रोबो कोणी म्हणत नव्हतं. सगळे ‘हात’ म्हणायचे. लोखंडाचा लांब हात; रिकामं पोतं उचलून सिमेंटच्या तोटीवर चढवायचं, एवढंच त्याचं काम. तेही धड करेल तर शपथ!

मी तेव्हा नवीकोरी डिप्लोमावाली, पॅकिंग खात्यातली एकटी बाई. हात चालू करायला मुंबईहून इंजिनिअर आले आणि मला त्यांच्या हाताखाली दिलं. खात्याच्या साहेबांनी मात्र आधीच बजावलं, इंजिनिअर परत जाईपर्यंत हात नीट चालला तर तू मशीनवर, नाहीतर ऑफिसात फोनवर. माझं डोकंच सटकलं. बाबांनी खाणीत दगड फोडून मला शिकवलं ते काय ‘हॅलो, जोडून देते’ म्हणायला?

हाताला शिकवायचं म्हणजे बटणांच्या पेटीनं त्याला एकेका जागी न्यायचं आणि ती जागा त्याच्या ध्यानात ठेवायची. इथून उचल, इथे वळ, इथे चढव. ते मला पटकन जमलं. सांध्यांना ग्रीस भरणं, धूळ पुसणं, तेही माझंच. तरी मधूनच एखादं पोतं तोटीवरून निसटायचं आणि सिमेंट भसाभस खाली. इंजिनिअर जागा बदलून बदलून थकले. मशीन परदेशातलं, कागदी पिशव्यांसाठी बनवलेलं. आमची पोती तागाची.

असंच एक पोतं निसटलं. मी वैतागून दुसरं घेतलं आणि स्वतः चढवायला गेले, तर आधी ते खाडकन झटकलं. चिमूरकडच्या आमच्या मूळ गावात धान भरताना पोतं झटकल्याशिवाय कोणी पुढे जातच नाही. गठ्ठ्यात दबून चिकटलेलं तोंड त्यानं मोकळं होतं. अरे देवा! हाताला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

“सर, याले झटका शिकवू का?”

“झटका? अहो, मोडेल तो!”

“नाई मोडत. हळू देतो,” मी म्हटलं.

उचलल्यावर थोडं वर, मग एकदम खाली, अशा दोन जागा मी मध्ये घातल्या. पहिल्या झटक्याला पोतं पार भिंतीपर्यंत उडालं. सगळे खो खो हसले. वेग कमी केला, पकड आवळली. मग मात्र पोत्यामागून पोतं चढत गेलं, एकही निसटलं नाही. “वा वो बाई!” हमाल ओरडले.

साहेब बराच वेळ बघत उभे होते. “टिकेल का हे?” त्यांनी इंजिनिअरना विचारलं.

“मी तर चाललो. यांना विचारा.”

साहेब माझ्याकडे वळले. मी म्हटलं, “मी हाय ना इथी.”

“मग इथंच राहा,” ते म्हणाले.

खोटं कशाला सांगू, अशी फुगले मी! सुट्टी होताच खाणीच्या फाटकावर बाबांना गाठलं आणि ओरडूनच सांगितलं, “बाबा, मले मशीन भेटली!” बाबा सोबत्यांकडे वळले. त्यातला एकेक जण मला लहानपणापासून ओळखत होता. तरी बाबा म्हणाले, “हे माही पोरगी हाय.”