नवं लाकूड म्हातारं करणारे मेस्त्री

दत्ताराम मेस्त्रींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका कोऱ्या करकरीत फळीला लोखंडी साखळीनं बडवत होते. अबुधाबीजवळच्या मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये मी नवाच प्रोजेक्ट इंजिनिअर. मला वाटलं, उन्हानं माणूस कामातून गेला.

"अहो मेस्त्री, हे काय चाललंय?"

"साहेब, लाकूड दोनशे वर्साचा दिसाक व्हया म्हणतत. माका काय एक कळणा नाय. पण करतंय."

अबुधाबीतल्या एका हॉटेलात विलायती खेडेगावातला पब उभारायचा होता. धुरानं काळवंडलेली तुळई, कलंडलेली शेल्फं, झिजलेले बाक, सगळं आमच्याच वर्कशॉपात बनवायचं. मेस्त्री मालवणकडचे, चार पिढ्यांचे सुतार. काटकोनात केसभर फरक पडला तर पोरांना शिव्या घालणारा हा माणूस मुद्दाम वाकडं काम करत होता आणि स्वतःवरच चिडत होता. मग बारीक खिळ्यानं लाकडाला किडीची भोकं पाडायचं फर्मान निघालं. मेस्त्रींनी कपाळाला हात लावला. "जल्मभर वाळवी मारली, आता तिचीच भोका पाडूची! काय खुळे काय रे हे?"

पब सुरू झाला आणि इकडे मेस्त्रींचा व्हिसा खलास. अठ्ठावीस वर्षांनी कायमचे गावी निघाले. जाताना एकच मागणं. "थय कोण बसता ता एकदा बघूचा हा. माझा शेवटचा काम खुळेपणाचा ठरला तर जिवाक लागात." माझी बायको म्हणाली, "मेस्त्रींना पबमध्ये नेतोयस? डोकं ठिकाणावर आहे ना?" तरी संध्याकाळी नेलंच.

सोमवार, म्हणून मेस्त्रींनी लिंबू सोडा घेतला. बसेनात मात्र. उभ्यानंच टेबलाखाली हात घालून सांधे चाचपत होते. कोपऱ्यातल्या बाकावर एक गोरा म्हातारा एकटाच बसला होता. मी त्याला म्हटलं, हे सगळं यांनी केलंय. वाटलं, बिचाऱ्याचा हिरमोड होणार. तो हसला. "नकली आहे ते मला माहितीये. आमच्या गावातला पब बंद पडला. इथे आलो की बारवाला नावानं हाक मारतो. बास."

मी मेस्त्रींना मराठीत सांगितलं. ते खूष होतील असं वाटलं होतं, पण चेहराच उतरला. ग्लास खाली ठेवला.

"साहेब, माझ्या वयाचे सगळे गेले. नाक्यावर आता कोण माका वळखता? गावाक गेल्यावर मी खय बसतलंय?"

घरी जाणाऱ्या माणसाला काय सांगायचं असतं? गोऱ्यानं विचारलं, काय म्हणतायत? मी अडखळत सांगितलं.

तो नुसता सरकला आणि बाकावर जागा करून दिली. मेस्त्री बसले.

दोन दिवसांनी त्यांचं विमान होतं.