वच्छलामावशींचं सिंगापूर

आमच्या सिडकोत अजून कुणी ना कुणी सांगतंच, की वच्छलामावशींना सिंगापूरच्या पोलिसांनी अफू आणली म्हणून दोन दिवस कोठडीत ठेवलं होतं. पुंजाराम इस्त्रीवाले तर हातकड्यांचा आवाजही काढून दाखवतात, तोही चुकीचा.

खरं एवढंच, की दिवाळीत लेकाकडं जाताना मावशींनी अनारसे नेले. अनारशांवर खसखस, म्हणजे अफूचंच बी, आणि ती तिथं चालत नाही हे त्यांना विमानात शेजारणीनं सांगितलं. उतरल्यावर त्या आपणहून अधिकाऱ्यापुढं गेल्या आणि डबा उघडून ठेवला. डबा तिथंच राहिला, मावशी अर्ध्या तासात बाहेर.

तेव्हापासून सिंगापूरला निघालेलं माणूस आधी मावशींच्या ओट्यावर येतं. त्यांचं ऐकलेलं मला तोंडपाठ आहे, आवाजासकट. "बाहेर घामाच्या धारा, अन् आत गेलं की हुडहुडी. स्वेटर पेटीच्या बुडाला नको, वर ठेव. छत्री रोज लागती. पाणी नळाचं पी, बाटल्या कशाला? सरकत्या जिन्यावर डाव्या अंगाला उभं राहा, लोकायला घाई असती." बारावीपर्यंत शिकलेली ही बाई नकाशा न बघता तिथल्या रेल्वेची स्टेशनं ओळीनं सांगते. माझ्या भूगोलाच्या सरांना हे जमायचं नाही.

गेल्या महिन्यात गंगापूरच्या आवडाबाई आल्या. लेकीचे दिवस भरत आलेले, तिकडं जावई सोडून कुणी नाही, आणि आवडाबाई एकट्या कधी पुण्यालाही गेलेल्या नव्हत्या. विमानतळावरूनच परत पाठवलं तर लेक बाळंतपणात एकटी, एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मग मावशींनी मला अधिकारी केलं. मी नाकात बोलत पासपोर्ट मागितला, किती दिवस राहणार विचारलं. आवडाबाई पहिल्या दिवशी रडल्या. चौथ्या दिवशी त्यांनी मलाच जेवायला थांबायला सांगितलं.

अडचण एकच होती, मिश्री. ती भाजलेली तंबाखू दातांना लावल्याशिवाय आवडाबाईंची सकाळ होत नाही, आणि तिथं तिला सक्त बंदी. सोडली म्हणून त्यांनी शपथ घेतली, पण घेताना नजर खाली. मी मावशींना हळूच म्हटलं, ह्या नक्की नेणार आणि पकडल्या जाणार. लावता पैज?

"नेईल ती," मावशी म्हणाल्या, "पण पकडायची नाय. हरलीस तर महिनाभर माझी नक्कल बंद."

मग त्यांनी आवडाबाईंना पुन्हा बसवलं. शपथेचं नावसुद्धा काढलं नाही. एवढंच म्हणाल्या, "आवडे, जवळ काय असंल ते असू दे. त्यांनी विचारायच्या आधी काढून टेबलावर ठेव. दडवलंस तर लेक वाट बघत बसंल."

मंगळवारी दुपारी फोन आला. आवडाबाईंनी अधिकाऱ्यापुढं कमरेची पिशवी सोडली, मिश्रीची डबी टेबलावर ठेवली आणि हात जोडले. डबी ठेवून घेतली, त्यांना जाऊ दिलं. लेक दाराशी उभी होती. नात शुक्रवारी झाली.

मावशींनी मला पेढा दिला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पैजेच्या महिन्याची शेवटची तारीख गोल करून ठेवली. आज अकरावा दिवस. लई जड जातंय. हे मी माझ्याच आवाजात लिहिलंय.