केसांच्या तेलाची मुख्य एजंट

संयुक्त महाराष्ट्रासाठी सत्याग्रह करून बाबा तुरुंगात गेले आणि लालबागच्या आमच्या खोलीचा गाडा केसांच्या तेलावर चालू लागला. तेल फणसवाडीतल्या एका कारखानदारांचं. आई ते चाळीचाळींतून विकायची, आणि तिची विकायची रीत मला आजही भल्याभल्या शिकलेल्यांपेक्षा हुशार वाटते. नव्या चाळीत गेली की ती सुनेशी बोलायचीच नाही. आधी सासूपाशी जाऊन बसायची, पहिली बाटली तिच्या हातात ठेवायची आणि म्हणायची, "लावून बघा, झोप चांगली लागेल." थोड्या दिवसांनी सासूच सुनेला म्हणायची, "अगो, तूपण विक की चार घरी." मग ती सून आणखी दोघींना जोडून घ्यायची, त्या आणखी कुणाला. जिने जोडलं तिला खालच्यांच्या विक्रीतला थोडा वाटा मिळे. अशी ही साखळी लालबागहून परळला आणि तिथून माझगावच्या गोदीकडच्या चाळींपर्यंत गेली. 'घरातून परवानगी नाही' हे रडगाणं एकीनेही गायलं नाही, कारण परवानगी देणारीच तेल लावून बसलेली असायची.

माझ्या काकांना, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाला, हे बघवेना. त्यांनी गिरणीच्या गेटवर पुरुषांना गाठून बाटल्या खपवायला दिल्या. पुरुषांनी त्या घरी नेल्या आणि बायकांनी फळीवर ठेवून दिल्या. नवऱ्याने हुकूम सोडावा आणि बायकोने शेजारणीकडे तेल विकायला जावं, इतकं सोपं ते नव्हतं. पण काकांना ते कोण सांगणार? ते उलट फणसवाडीत जाऊन कारखानदारांच्या कानाशी लागले. वहिनी बाईमाणूस, दादा तुरुंगात, उद्या काही कमीजास्त झालं तर जबाबदार कोण? कारखानदारांना ते पटलं. त्यांचा निरोप आला की रविवारी येतो, तुमच्या सगळ्या बायकांना बोलवा, या भागाचा मुख्य एजंट तेव्हाच ठरवू.

मुख्य एजंटच्याच हातात माल. काकांची निवड झाली असती तर आई आणि तिच्या सगळ्या बायका त्यांच्या मर्जीवर आल्या असत्या आणि आमची चूलसुद्धा. मला काकांचा इतका राग आला होता की त्यांच्या चहात मीठ घालायचं मी ठरवून टाकलं होतं. आईने डोळे वटारले म्हणून चहा वाचला.

रविवारी कारखानदारांना यायला उशीर झाला, कारण नाक्यावर पोलिसांची गाडी उभी होती. अंधार पडला की संचारबंदी लागायची, त्यामुळे परळ-माझगावच्या बायकांचं सगळं लक्ष खिडकीबाहेरच्या उन्हाकडे. सासवा पुढे चटईवर बसल्या होत्या, त्यांच्यात माझी आजी, बाबांची आई. सुना मागे भिंतीला लागून उभ्या. सासूपुढे सुनेने बसायचं नाही, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नसे. आई मोरीपाशी चहाची किटली घेऊन उभी होती. एकुलत्या एका खुर्चीवर कारखानदार आणि शेजारच्या ट्रंकेवर काका, नवं धोतर नेसून.

"तुमच्यातलं पुढारी कोण?" कारखानदारांनी विचारलं.

सुनांनी सासवांकडे बघितलं, सासवांनी माझ्या आजीकडे, आणि आजी जमिनीकडे बघत राहिली. सासवांना पुढे करायची आईची करामत तिच्याच अंगाशी आली होती; सासूपुढे कुठली सून तोंड उघडणार? काकांनी मिशीवरून हात फिरवला.

"वहिनी, तुम्ही तरी बोला," कारखानदार म्हणाले. आईने एकदा आजीकडे बघितलं आणि किटली घेऊन मोरीकडे तोंड वळवलं. "हे बघा, चार माणसांत बसायचं धैर्य नाही तुम्हाला, आणि एवढा भाग कसा सांभाळणार?" बाहेर कुठेतरी पोलिसांची शिट्टी वाजली. ते घाईने उठले. "ठरलं तर मग. एजन्सी यांच्या—"

"थांबा," आजी म्हणाली.

काका तिचं शेंडेफळ. त्यांच्या ताटात माशाची मधली तुकडी ती अजूनही आधी वाढायची. त्यामुळे आता ती काय बोलणार ते मला ठाऊकच होतं. मी डोळे मिटून घेतले.

"तिच्या तोंडार कुलूप माझा आसा," आजी म्हणाली. "धंदो तिचो. तिकाच देवा."

"आये, मी तुझो पोटचो झील ना?" काकांचा आवाज चिरकला.

"झीलच आसस. म्हणान तुझ्यो बाटल्यो अजून फळयेर आसत."

कुणी हसलं नाही. आजीचा स्वतःचाच आवाज कापत होता. तिने चटईवर थोडं सरकून जागा केली आणि मोरीकडे न बघताच म्हणाली, "हय बस गे."

आई हलली नाही. तिला खरंच कळेना काय करावं. मी जाऊन तिच्या हातातली किटली काढून घेतली तेव्हा ती आली आणि आजीच्या शेजारी बसली, अंग चोरून, कुणी केव्हाही उठवेल अशी. परळच्या एका सासूने मागे वळून आपल्या सुनेचा पदर ओढला. ती बसली. मग दुसरी बसली. कारखानदार मात्र उभेच होते, आणि त्यांनी उभ्यानेच आईला मुख्य एजंट केलं. काका चहा न घेता जिना उतरून गेले. आजी रात्री जेवली नाही.

काही महिन्यांनी बाबा सुटले. चाळीने त्यांना हार घातले, घोषणा दिल्या. हारांसकट ते खोलीत आले, आजीच्या पाया पडले, आणि मग त्यांचं लक्ष तिच्या शेजारी बसून बाटल्यांना बुचं लावणाऱ्या आईकडे गेलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"काय गो, बरं नाही तुला?" त्यांनी घाबरून विचारलं.

"बरी आहे," आई म्हणाली, आणि उठली नाही.