जित्या माणसाचं सुतक

आमच्या जिल्ह्यातली निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. आई म्हणायची, तू भुईमूग काढणीच्या वेळी झालीस. शाळेत घालताना मास्तरांनी बोटांवर हिशेब केला आणि लिहिलं, एक जून. त्यामुळे वाढदिवस ही आमच्याकडे जन्माची गोष्ट नाहीच, ती फ्लेक्सची गोष्ट आहे. चौकात तुमचं तोंड केवढं लागलं आणि खाली शुभेच्छुक म्हणून किती जणांची डोकी ओळीनं बसली, यावर माणसाचं वजन ठरतं. शेवगावात नवऱ्याचं फ्लेक्सचं दुकान होतं तेव्हा ही डोकी कापून चिकटवायचं काम मी वर्षानुवर्षं केलं. गॉगलवाली, बुलेटवाली, फोन कानाला लावून उगाच हसणारी. डोक्यात काही असो नसो, कापताना कान जरा तुटला की भांडायला हजर.

दुकान बसलं. नवरा विमानतळ ते मंदिर अशी गाडी चालवायला लागला आणि मी शिर्डीत एका ऑफिसात लागले. खाली लॉज, समोर हारफुलांची दुकानं, वर आम्ही. आम्ही म्हणजे सर, चार टेबलं आणि एक नाणं. हे नाणं हातात येत नाही, वाजत नाही. ते ॲपमध्ये असतं आणि त्याचा भाव रोज वर चढताना दिसतो. ते चढवतं कोण, असं मी एकदा विचारलं. सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही डिझाईनवाल्या आहात ना? मग रंग बघा."

अडचण एवढीच होती की मोबाईलवर जिथं जाहिरात द्यायची, त्या कंपन्या असल्या नाण्यांच्या जाहिराती घेत नसत. त्यांचं मशीन शब्द हुंगायचं. नाणं म्हटलं की बंद, दुप्पट म्हटलं की बंद, नुसता वर जाणारा हिरवा बाण काढला तरी बंद. जाहिरात पडली की सर आमच्यावर ओरडत, जसं काही ते मशीन आम्हीच घरी पाळलंय. एका पोरीला त्यांनी सगळ्यांसमोर भिंतीकडं तोंड करून उभं केलं होतं, तिनं बाण काढला म्हणून. ती उभी राहिली. आम्ही सगळ्या आपापल्या स्क्रीनकडं बघत बसलो, कारण शिर्डीत नोकरीला रांग दर्शनापेक्षा मोठी असते.

मग खालच्या लॉजवाल्याचा वाढदिवस आला. सरांनी भाड्यात सूट मिळेल म्हणून मला त्याचं बॅनर करायला लावलं आणि आमच्याच जाहिरातीच्या खात्यावरून, त्यात पैसे भरून, सगळ्या तालुक्याला दाखवलं. घाईत माझ्याकडून कोपऱ्यात आमच्या नाण्याचा गोल शिक्का राहून गेला. मशीननं हूं की चूं केलं नाही. उलट संध्याकाळपर्यंत लोकांचे फोन, हे कसलं मंडळ, आम्हाला घेता का. मशीन फार हुशार असेल, पण ते बसलंय कुठं परदेशात, त्याला मित्रमंडळ काय ठाऊक! सरांच्या डोक्यात उजेड पडला. त्या दिवसापासून आम्ही नाणं विकणं बंद केलं आणि वाढदिवस साजरे करायला लागलो. वर ज्याचा वाढदिवस त्याचं तोंड, खाली शुभेच्छुकांची रांग, कोपऱ्यात शिक्का आणि फोन नंबर. बाकीचं फोनवर.

"फक्त माणूस असा पाहिजे," सर म्हणाले, "की ज्याच्या शब्दावर गाव डोळे मिटून चालतं."

असा माणूस माझ्या माहेरी होता, माझा थोरला भाऊ. कोल्हारला त्याचं दूध संकलन केंद्र. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन येतात, तो दुधाची फॅट बघतो, आकडा सांगतो, आणि त्या आकड्यावर पैसे. केंद्र रस्त्यापलीकडंही एक होतं, पण अख्खी आळी दादाकडं दूध घालायची, कारण दादानं सांगितलेली फॅट कुणी कधी परत बघायला लावली नाही. बाया तर फॅटच्या मशीनकडं बघतसुद्धा नसत, दादाच्या तोंडाकडं बघत. घर त्या एका विश्वासावर चाललं होतं. शेती होती, पण ती नावापुरती. तिच्यावरचा माझा हक्क त्यानं भाऊबीजेच्या दिवशी, ओवाळून झाल्यावर, साडीच्या घडीबरोबर सोडवून घेतला होता. सांगते अशासाठी की आमचं प्रेम कुठल्या जातीचं होतं ते कळावं.

दादा कुणीतरी सांगितलं म्हणून आपण होऊन ऑफिसात आला. मी त्याला जिन्यातच अडवलं. म्हटलं, "दादा, यात पडू नको. हे नाणं कुणाचं आहे मलाच माहीत नाही." तो म्हणाला, "तुला लई कळतंय. सगळ्या गावाची तोंडं लावत्येस, भावाचं लावताना पोटात दुखतंय व्हय?" वर जाऊन त्यानं स्वतःचा फोटो दिला, स्वतःचं मोबाईलवरचं खातंही दिलं. सरांना त्याचं खातं फार आवडलं. जुनं खातं, सगळं गाव मित्रयादीत, मशीनला संशय यायला जागा नाही.

त्या वर्षात दादाचे चार वाढदिवस झाले. एक जूनचा शाळेचा, मग खऱ्या तारखेचा, मग तिथीनं, आणि चौथा आत्यानं सांगितलेला, कारण तिच्या आठवणीप्रमाणे तो पोळ्याच्या आधी झाला होता. लोक हसले नाहीत. लोक म्हणाले, आमचं डोकं कधी लावता? शुभेच्छुकांच्या रांगेत बसायला नाण्यात पैसे घालावे लागत, आणि जास्त घालणाऱ्याचं डोकं मोठं. दोन सख्ख्या भावांनी एकमेकांपेक्षा मोठं डोकं पाहिजे म्हणून गायी विकल्या. लोक भोळे असतात असं शहरातली माणसं लिहितात. मी ती डोकी कापलीत, मला विचारा. कुणी भोळं नव्हतं. प्रत्येकाला शेजाऱ्याच्या आधी मोठं व्हायचं होतं. दादा तर केंद्रावर बसल्या बसल्या पुढच्या बॅनरसाठी दाढी कोरून ठेवायचा.

मग एका सकाळी ॲप उघडेना, सगळ्यांचे पैसे आत. सरांनी नंबर बदलला, दारावरची पाटी काढली, आणि महिनाभरात दुसऱ्या नावाचा शिक्का करायला लावला. आम्हाला म्हणाले, "पाऊस पडतो तसं असतं हे, मॅडम. कुणी छत्री आणली नाही ती आपली चूक नाही." त्यांचं तोंड कुठल्याच बॅनरवर नव्हतं. दादाचं होतं, चार वेळा.

गावानं दादाला मारलं नाही, शिव्याही फारशा दिल्या नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं, प्रकरण मिटलं असतं. केंद्रावर एका म्हाताऱ्यानं फक्त फॅटचा आकडा ऐकल्यावर मान हलवली आणि म्हणाला, "मशीन इकडं फिरव. मला बगू दे." दादानं फिरवलं. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं, तरी तो बराच वेळ बघत राहिला. दुसऱ्या दिवशी मागचे सगळे म्हणाले, आमालाबी बगू दे. मग काही किटल्या रस्ता ओलांडून पलीकडच्या केंद्रावर जायला लागल्या.

दादा शिर्डीला धावत आला. लोक त्याच्या खात्यावर रोज शिव्या लिहीत होते, जुनी बॅनरं काढून काढून परत लावत होते. खातं बंद करा म्हणाला. खात्यावर इतक्या तक्रारी होत्या की कंपनी ते बंद करू देईना. सरांनी त्याला बसवलं, चहा पाजला, साईबाबांचा लाडू दिला. मग म्हणाले, "एकच रस्ता आहे. मेलेल्या माणसाचं खातं कंपनी कुलूप लावून ठेवते. श्रद्धांजलीचं बॅनर लागेल. मॅडम, घ्या करायला."

मला वाटलं दादा लाडू त्यांच्या तोंडावर मारेल. दादानं तो रुमालात बांधला आणि विचारलं, "गावात न्हाई ना जानार?"

"छे, फक्त कंपनीला."

मी म्हटलं, मी करणार नाही. सर म्हणाले, मग कामावरही येऊ नका. मी पर्स उचलली. त्यात काही मोठेपणा नव्हता, मला फक्त भयंकर राग आला होता, आणि तो सरांपेक्षा दादाचा जास्त होता. मी जिन्यात असताना वरून त्याचा आवाज ऐकला आणि राग आणखी चढला. तो सांगत होता, "फेट्यातला फोटो नगं, साधा घ्या. मेलेला मानूस फेट्यात बरा दिसत न्हाई."

मशीनला पटायला बॅनर त्याच्याच खात्यावर टाकावं लागलं. आणि त्या खात्याच्या मित्रयादीत सगळं कोल्हार होतं. एवढी साधी गोष्ट त्या दोन शहाण्यांच्या डोक्यात आली नाही. सरांच्या आली असेल, त्यांना फरक पडत नव्हता.

सकाळी वहिनीच्या माहेरची माणसं जीप करून आली. त्याच्या सासूबाई फाटकापासूनच ऊर बडवत आल्या आणि ओट्यावर जावई चहात बटर बुडवून खाताना दिसला. मग त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "कावळा शिवला हुता का तुमाला? म्हनून सांगावा धाडला?" कावळा शिवला की आमच्यात मेल्याचा खोटा निरोप पाठवतात, म्हणजे अरिष्ट टळतं. दादानं मान डोलावली, व्हय म्हणाला. त्यांनी डोळे पुसले. आयुष्य वाढलं, म्हणाल्या.

गावातून कुणी आलं नाही. मयत म्हटलं की ज्या गावात वैरीसुद्धा सरण रचायला येतो, तिथून कुणी डोकावलं नाही. संध्याकाळी दादा केंद्रात जाऊन बसला. किटल्या समोरून चालल्या होत्या. त्यानं शेजारच्या बाईला हाक मारली. ती तिच्या गाईच्या पहिल्या दुधापासून त्याच्याकडं दूध घालत होती.

"अगं, मी जित्ता हाय की!"

"दिसतंय की, भावजी," ती म्हणाली. "पन सुतक हाय ना तुमच्याकडं. सुतकाच्या घरी दूध कसं घालावं?"

तिच्या मागच्या बाया पदरात हसल्या. आणि सगळ्या किटल्या पलीकडं गेल्या. दुसऱ्या दिवशीही सुतक, तिसऱ्या दिवशीही सुतक. आमच्या भाऊबंदांनी तातडीनं जाहीर केलं की दादा जिवंत आहे, त्यांना सुतक लागत नाही, कारण त्यांच्याकडं लग्न होतं. म्हणजे भावकीत तो जिवंत आणि दुधापुरता मेलेला. दुधाचा टेम्पो रोज यायचा, हॉर्न द्यायचा आणि रिकामा जायचा.

मला दादाचा फोन आला. "बाई, सुतक फेडावं लागंल. तू ये. मला एकट्याला घाटावर जाववत न्हाई."

मी फोनवर त्याला नको नको ते बोलले. गाढव म्हणाले, लोक तुझी थट्टा करतायत आणि तू त्या थट्टेचे विधी करतोस. तो म्हणाला, "फिटलं म्हनून सांगता तरी येईल. मग ते काय कारन देतील?"

मी गेले. प्रवरेच्या घाटावर न्हावी बसला होता. दादा त्याच्यापुढं उकिडवा बसला, टोपी माझ्याकडं दिली. न्हाव्यानं डोक्याला पाणी लावलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "कोन गेलं?"

न्हावी वस्तरा धरून थांबला. दादानं माझ्याकडं बघितलं, काहीतरी खोटं सांग म्हणून. मला सुचलं असतं. एखादा लांबचा चुलता मारता आला असता.

"हाच," मी म्हटलं.

न्हाव्यानं एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि वस्तरा चालवला. मिशीसुद्धा गेली. मिशी गेल्यावर दादा आमच्या आईसारखा दिसायला लागला, ते मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं केंद्र धुतलं, मशीन पुसलं, टोपी न घालता बसला. शेजारची बाई किटली घेऊन आली. या वेळी ती थांबली. दादाच्या डोक्याकडं नीट बघून म्हणाली, "फिटलं म्हनायचं आता."

"फिटलं," दादा म्हणाला आणि झटकन उठून कॅनचं झाकण उघडलं.

तिनं किटलीतलं पळीभर दूध बाटलीत दिलं. "एवढ्याची फॅट बगा." दादानं बघितली, आकडा सांगितला, मशीन स्वतःच तिच्याकडं फिरवलं. तिनं मान डोलावली, किटलीचं झाकण लावलं.

"तिकडंबी एवढीच लागत्ये का बगून येते," म्हणाली.

"बग की. बगून ये."

ती रस्ता ओलांडून गेली. तिनं तिथं किटली रिती केली, पावती घेतली, ब्लाउजात खोचली आणि तशीच खालच्या आळीनं घरी गेली. दादा झाकण हातात धरून उभा होता.

"एवढीच लागली असनार गं," तो म्हणाला.

मी म्हटलं, "झाकण ठेव ते. माश्या बसतात."